जुनी जीप, नवं इंजिन आणि नऊ इंची ब्रेक

१९६४ च्या मॉडेलची पॉन्टिअॅक जीटीओ अमेरिकेत रस्त्यावर आली तेव्हा तिच्या इंजिनाची ताकद ३२५ अश्वशक्ती होती आणि तिच्या चारही चाकांना साडेनऊ इंच व्यासाचे ड्रम ब्रेक होते. तिच्या वीसेक वर्षं आधी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी लष्करासाठी बनलेल्या विलीज जीपला नऊ इंची ड्रम होते. त्या जीपची ताकद होती ६० अश्वशक्ती. ताकद पाचपटीहून जास्त वाढली आणि ब्रेकचा व्यास वाढला अर्धा इंच. ड्रमची रुंदी, लायनिंगचा माल यांत फरक होता हे मान्य केलं, तरी हे प्रमाण धडकी भरवणारं आहे. त्या काळच्या जाणकारांनीही जीटीओच्या वेगाचं तोंडभर कौतुक करताना तिच्या ब्रेकवर बोट ठेवलं होतं.

हा हिशेब इथे मांडायचं कारण शिंदखेड्याचं आहे. आपल्या तालुक्यात, आणि तापीकाठच्या कुठल्याही तालुक्यात, एखाद्या वाड्याच्या मागच्या पडवीत किंवा मळ्यातल्या शेडमध्ये जुनी जीप उभी दिसते. आजोबांनी लिलावात घेतलेली किंवा वडिलांनी निवडणुकीच्या प्रचारात फिरवलेली. घरातला तरुण मुलगा ती पुन्हा चालू करायचं मनावर घेतो, गॅरेजमध्ये नेतो, आणि पहिलं वाक्य ऐकतो : "दादा, बोलेरोचं इंजिन टाकून देतो, गाडी उडेल." गाडी खरोखरच उडते. पण त्या उडणाऱ्या गाडीला थांबवायला खाली तेच नऊ इंची ड्रम असतात. अमेरिकेने साठ वर्षांपूर्वी केलेली चूक आपण आपल्या पैशाने पुन्हा करतो.

अमेरिकेत या जातीच्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. कृती सोपी होती. मध्यम आकाराची, दोन दारांची, घरगुती वापराची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवायचं. पॉन्टिअॅक ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअॅकच्या इंजिनिअरांनी, त्यात जॉन डेलोरिअन हे मोठं नाव, त्यातून वाट काढली. त्यांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन 'टेम्पेस्ट' गाडीवर जादा पैसे भरून मिळणारी सोय म्हणून विकलं. ती सोय म्हणजेच जीटीओ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली, पुढे डॉजची चार्जर, शेव्हरलेची कॅमॅरो. क्रायस्लरच्या सात लिटरच्या 'हेमी' इंजिनावर ४२५ अश्वशक्तीचा शिक्का होता. हे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवावं. तेव्हा इंजिन उघडं, स्टँडवर ठेवून मोजायचे; अल्टरनेटर, पंखा, सायलेन्सर यांचा भार त्यात धरलेला नसे. १९७२ पासून गाडीत बसतं तसं इंजिन मोजायला सुरुवात झाली आणि कागदावरची ताकद एका वर्षात घसरली.

या गाड्यांचा काळ जेमतेम दहा वर्षांचा. १९७० चा हवा शुद्धतेचा कायदा आला, विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सात लिटरचं इंजिन परवडेनासं झालं. मोटारी मात्र राहिल्या, कोणाच्या शेडमध्ये, कोणाच्या परसात. ज्या पोरांना त्या तेव्हा घेता आल्या नाहीत ती पोरं पुढे पन्नाशीला आली, हातात पैसा आला, आणि त्यांनी त्या जुन्या गाड्या शोधून काढल्या. चालवून पाहिल्यावर कळलं, की आठवणीतली गाडी वेगळी आणि हातातली वेगळी. वळणावर ती जहाजासारखी कलते, स्टिअरिंग ढिलं, ब्रेक दोनदा जोरात दाबले की तिसऱ्यांदा पाय पोकळीत जातो.

त्यातून एक नवी कारागिरी उभी राहिली. बाहेरचा पत्रा, दिवे, रेषा जुन्याच ठेवायच्या आणि आतलं सगळं आजचं करायचं. तिकडे या कामाला 'रेस्टोमॉड' म्हणतात. १९९७ च्या शेव्हरले कॉर्व्हेटबरोबर आलेलं ५.७ लिटरचं अॅल्युमिनियमचं एलएस-१ इंजिन, ३४५ अश्वशक्तीचं, या कारागिरांचं लाडकं झालं. जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा ते हलकं, इंधन मोजून फवारणारं आणि थंडीत एका चावीत सुरू होणारं. पण तिकडच्या चांगल्या गॅरेजमध्ये इंजिनाला सर्वांत शेवटी हात लागतो. आधी चासी उघडी करून तपासतात, वेल्डिंगने मजबूत करतात. मग सस्पेन्शन, स्टिअरिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक, नवं वायरिंग. हे झाल्यावर इंजिन येतं. हा क्रम त्यांनी अपघातांतून शिकून ठरवलेला आहे.

शिंदखेड्यात कॅमॅरो आली नाही. भारतात ज्या गाडीला लोक हौसेने 'आपली मसल कार' म्हणतात ती हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. १९८४ ची, व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या साच्यावरची. तिचा तोंडवळा अमेरिकी, पण सुरुवातीला इंजिन दीड लिटरचं, अॅम्बेसिडरचंच. पुढे तिच्यात जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा ती खऱ्या अर्थाने पळायला लागली. ते इंजिन इंदूरजवळ पीथमपूरला बनायचं, मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूर ओलांडून सरळ वर गेलं की लागणारं गाव. तरी कॉन्टेसा शहरातल्या पैसेवाल्यांची गाडी राहिली. खान्देशात जी अस्सल अमेरिकी गाडी आली, इथल्या काळ्या मातीत रुतली, निघाली आणि घरातली झाली, ती जीप.

तिचा जन्म १९४० चा. अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला, विलीज-ओव्हरलँडने दमदार इंजिन दिलं आणि फोर्डने कारखाना दिला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. त्या इंजिनाचं नाव 'गो-डेव्हिल', २.२ लिटरचं. विलीजचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी एका सामान्य इंजिनाची ताकद ४८ वरून ६० वर नेली होती. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. माझगावच्या कारखान्यातून १९४९ पासून त्या बाहेर पडू लागल्या. पुढे उंच बॉनेटची 'सीजे-थ्री-बी' आली. बॉनेट उंच होण्याचं कारण आतलं 'हरिकेन' इंजिन. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर आल्याने इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे त्याच्या वंशाच्या गाड्या पुढची कित्येक दशकं बनत राहिल्या.

खान्देशात जीप आली ती बहुतेक सरकारी खात्यांतून. गटविकास अधिकाऱ्याची जीप, सातपुड्यात फिरणारी वनखात्याची जीप, बांधकाम खात्याची, आरोग्य खात्याची. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि तालुक्याच्या गावी जीप हे सरकारचं दृश्य रूप झालं. ती निकाली निघाली की लिलाव व्हायचा, आणि कापूस-केळीत चार पैसे मिळवलेला बागायतदार ती घ्यायचा. दोंडाईचा, नरडाणा, बेटावद या पट्ट्यात जीप म्हणजे शेताच्या बांधापर्यंत जाणारं वाहन. मागे खताच्या गोण्या, पुढे आबा, आणि लग्नसराईत वऱ्हाड. लांब चासीच्या जीपा वडाप म्हणून चालल्या, काळी-पिवळी झाल्या. दुर्गम पाड्यांवर एसटी पोचायच्या आधी जीप पोचली होती.

१९७३ च्या ज्या तेलटंचाईने अमेरिकेतल्या मसल कार संपवल्या, तिनेच आपल्याकडे जीपचं इंजिन बदलायला लावलं. पेट्रोलचा भाव एकदम चढला. पेट्रोलवरची जीप बागायतदारालाही जड झाली, आणि डिझेल तेव्हा पुष्कळ स्वस्त होतं. महिंद्रांनी त्याच दशकात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये दिलं, नंतर प्यूजो या फ्रेंच कंपनीचं. आणि गॅरेजवाल्यांनी जे मिळेल ते बसवलं : मेटाडोरचं, ट्रॅक्टरचं, भंगारात आलेल्या टेम्पोचं. धुळे, जळगाव, मालेगावच्या मिस्त्रींनी हे काम कुठल्याही पुस्तकाशिवाय केलं. इंजिनाचे माउंटिंग स्वतः कापून, घंटी म्हणजे बेलहाउसिंग आणि गिअरबॉक्स यांच्यामधली पट्टी लेथवर ओढून. मला या कारागिरीबद्दल मनापासून आदर आहे. तिच्यात एकच उणीव राहिली. इंजिन बदललं की गाडी बदलते, हे पूर्ण धरून काम झालं नाही.

काय बदलतं, ते आकड्यांत पाहू. पेट्रोल इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून ठिणगीने पेटवतं. जुन्या विलीजमध्ये हा दाब साडेसहा पटींच्या आसपास. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा वीस पटींच्या आसपास दाबली की ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. एवढा दाब सोसायला ब्लॉक, हेड, क्रँक सगळं जाड लागतं. म्हणून डिझेल इंजिन वजनाला भारी. ते वजन पुढच्या पाट्यांवर पडतं, पाटे बसतात, गाडीचं नाक खाली जातं, आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला कसलेला असतो तिथे कालांतराने तडा जातो. जुनी जीप घेताना बॉनेट उघडून इंजिन ऐकण्याआधी खाली वाकून ती जागा बॅटरीच्या उजेडात पाहावी. चिखल खरवडून पाहावी. नुसता रंग मारलेला तडा लपतो.

दुसरी गोष्ट गिअरची. नागरी विलीज जीपच्या डिफरन्शियलमधल्या क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडून आलेला शाफ्ट सुमारे ५.३८ वेळा फिरतो. जुना टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ताशी ८० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला सहाशेच्या वर फेरे होतात, आणि तीन गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये टॉप गिअर सरळ असल्याने इंजिनाचे फेरे होतात सुमारे ३,२५०. हरिकेन इंजिन ४,००० पर्यंत जायचं, त्याला हे जमत होतं. पण ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल ३,००० ला गळ्याशी येतं. म्हणजे ताशी ७३-७४ किलोमीटरवर गाडी किंचाळायला लागते. मालकाला वाटतं इंजिनात दम नाही, आणि तो आणखी मोठं इंजिन शोधायला लागतो. दम भरपूर असतो. कमी असतो तो पाचवा गिअर. ओव्हरड्राइव्हचा, ०.८ च्या आसपासचा पाचवा गिअर मिळाला तर तेच ८० किलोमीटर २,६०० फेऱ्यांत होतात. इंजिन शांत राहतं, डिझेलही वाचतं.

पाच गिअरचा बॉक्स मात्र जुन्या तीन गिअरच्या बॉक्सपेक्षा लांब असतो. आखूड जीपच्या दोन आसांमधलं अंतर जेमतेम ८० इंच. बॉक्स लांबला की ट्रान्स्फर केस मागे सरकते, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि उतरता कोन घेतो. कोन वाढला की त्याचे क्रॉस लवकर जातात, ५०-६० च्या वेगाला गाडी थरथरते. आणखी एक धोका इथे दडलेला आहे, जो फार थोडे लोक सांगतात. विलीजचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावरच्या एका छोट्या ड्रमवर असतो, आणि प्रोपेलर शाफ्टच्या मार्फत चाकं धरतो. नवी ट्रान्स्फर केस टाकताना तो ड्रम निघून जातो. नव्या इंजिनाच्या कितीतरी जीपा मग हँडब्रेकशिवाय फिरतात. चढावर उभी करताना चाकाखाली दगड लावतात.

आता मुख्य विषय, ब्रेक. एक टनाची गाडी ताशी ६० वरून थांबवायची तर जवळजवळ १४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. उन्हाळ्यातल्या माठाबाहेरचं अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण एवढीच उष्णता लागते. वेग १०० वर नेला की ऊर्जा होते सुमारे ३८६ किलोज्यूल, म्हणजे सव्वा लिटरहून जास्त पाणी. वेग पावणेदोनपटीच्याही आत वाढतो, उष्णता पावणेतीनपट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ही सगळी उष्णता चार ड्रममध्ये काही सेकंदांत जाते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, त्याचा व्यास वाढतो, आतले शू बाहेर ढकलले तरी त्यांना पुरेसं पोचता येत नाही. लायनिंगही तापून गुळगुळीत होतं. पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. शिंदखेडा-दोंडाईचा रस्त्यावर ४० च्या वेगाने जाणाऱ्या जीपला हा अनुभव कधी आला नाही, म्हणून आमच्या मागच्या पिढीला ड्रमबद्दल तक्रार नव्हती. आज त्याच तालुक्यातून, नरडाण्यावरून, चौपदरी मुंबई-आग्रा महामार्ग जातो. सावळद्याचा तापीचा पूल ओलांडून शिरपूरच्या पुढे गेलं की सातपुड्याचा उतार. त्याच महामार्गावर पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. तो मोठा ट्रक होता, त्याचे ब्रेक वेगळ्या जातीचे. उताराचं गणित मात्र सगळ्यांना एकच आहे.

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हे पहिलं काम. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते. पाण्यातून, चिखलातून गेल्यावर ती दोन फेऱ्यांत कोरडी होते. ड्रममध्ये मात्र गाळ अडकतो. दुसरं काम दुहेरी मास्टर सिलिंडर. जुन्या जीपला एकच मार्ग असतो. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस दुहेरी मार्गाची सक्ती झाली, पण त्याआधीच्या जीपा आपल्याकडे अजून चालतात. मागे ड्रम ठेवायचे असतील तर मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते.

बूस्टरबद्दल एक बारकावा. पाय हलका करणारा बूस्टर निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेत थ्रॉटलची झडप असते, तिच्यामागे निर्वात आयता तयार होतो. डिझेल इंजिनाला अशी झडप नसते. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला. भंगारातून इंजिन आणताना अल्टरनेटर बदलला गेला आणि पंप राहून गेला, की बूस्टर दिसायला असतो, करत काही नाही. गाडी घेणाऱ्याने सोपी परीक्षा करावी. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल दाबावं, मग दाबून धरून इंजिन सुरू करावं. पॅडल किंचित आत गेलं तर बूस्टर जिवंत आहे.

वायरिंगवर फार थांबत नाही. युद्धकाळातल्या जीपा ६ व्होल्टच्या. आज सगळं १२ व्होल्टचं. जुन्या तारेवर नवे दिवे, पंखा, स्पीकर चढवले की तार तापते, आणि जीपला आग लागते ती बहुधा अशीच. सगळी तार नवी ओढावी, प्रत्येक फाट्याला फ्यूज द्यावा. त्यात काटकसर नको. थंड ठेवण्याचं मात्र आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात पारा ४३-४४ ला टेकतो. थंड देशात नेमलेला रेडिएटर इथे अपुरा पडतो, आणि जाड डिझेल इंजिन त्याला आणखी तापवतं. दाट जाळीचा रेडिएटर, पंख्याभोवती पत्र्याचं कडं आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंट, एवढं केलं तरी अर्धा त्रास जातो. काळ्या मातीची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून चांगला कागदी फिल्टर हवा. तो नसला की लायनर आणि रिंगा घासून इंजिन वेळेआधी बोरिंगला येतं.

हेच काम कंपन्यांनीही केलं, आणि ते पाहण्यासारखं आहे. अॅम्बेसिडरचा सांगाडा १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा. १९९० च्या दशकात तिच्यात कॉन्टेसाचं इसुझू इंजिन बसलं आणि ती आणखी वीस वर्षं जगली, २०१४ पर्यंत. जीपचं त्याहून देखणं उदाहरण नाशिकचं. २०१० मध्ये महिंद्रांनी 'थार' आणली. दिसायला जुनी जीप; आत २.५ लिटरचं १०५ अश्वशक्तीचं कॉमनरेल डिझेल, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक आणि पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. कारखान्याने केलेला हा रेस्टोमॉडच. तिथेही सुरक्षेला उशीर झालाच. त्या पिढीच्या थारला एबीएस मिळालं ते २०१९ मध्ये, ती संपता संपता. २०१८ मध्ये महिंद्रांनी तशीच 'रॉक्सर' अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्सला बनवली, फक्त शेतात आणि रानात चालवायला. जीपच्या तेव्हाच्या मालक कंपनीने चेहरा सारखा असल्याची तक्रार केली, बंदी आली, महिंद्रांना तोंडवळा बदलावा लागला. आणि १९७२ मध्ये खुद्द अमेरिकेत, मसल कार मावळत असताना, एएमसी कंपनीने जीपमध्ये पाच लिटरचं व्ही-८ घातलं होतं. हा मोह सगळीकडचाच आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी किंवा बॅटरीवर जायला कायद्यात वाट आहे. त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येतं. भंगारातलं परक्या कंपनीचं इंजिन, कापून लांब केलेली चासी, हरियाणातल्या मंडी डबवालीहून ट्रकवर चढवून मागवलेली तयार जीप, यांना ती वाट नाही. मला हा कायदा काही ठिकाणी जास्तच ताठर वाटतो. ड्रम काढून डिस्क लावणाऱ्याने तपासणी करून घ्यावी आणि आरसीवर तशी नोंद मिळावी, अशी साधी सोय प्रत्येक आरटीओत असायला हवी. पुण्याला एआरएआयसारखी वाहनं तपासणारी संस्था असताना हे अवघड नाही. पण विमा कंपनी अपघातानंतर आजचाच कायदा पाहते, उद्याचा नव्हे.

दुसरी वाटही आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुन्हा नोंदणीला ५,०००. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरात नसावी. म्हणजे १९६० च्या जीपच्या मालकाला आधीच ठरवावं लागतं. मूळ हरिकेन इंजिन अजून चासीत असेल तर माझं मत स्पष्ट आहे : ते काढू नये. त्याचं बोरिंग करावं, ब्रेक सुधारावेत, आणि गाडी सणावाराला चालवावी. ज्या जीपमध्ये कंपनीचंच डिझेल आहे, तिच्यावर खर्च करायला जास्त मोकळीक आहे, कारण तिचे सुटे भाग, डिस्क, बूस्टर, पाच गिअर हे त्याच घराण्यातल्या पुढच्या गाड्यांमधून मिळतात.

लिलावातली किंवा ओळखीतली जीप पाहायला जाल, तेव्हा खिशात पेन्सिल आणि पातळ कागद न्या. चासीवरचा नंबर घासून साफ करा, कागद ठेवून त्याचा ठसा घ्या, इंजिनाचा नंबर लिहून घ्या, आणि दोन्ही आरसी बुकाशी ताडून पाहा. एमएच-१८ ची नोंद असेल तर धुळ्याच्या आरटीओत एक फेरी मारून ती जिवंत आहे का, कर आणि फिटनेस कुठवर आहे, हे विचारा. हे जुळल्याशिवाय विसारही देऊ नका. जुळलं तर गॅरेजवाल्याला पहिल्या दिवशी सांगा, की भाऊ, इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लाव. आधी चारही चाकं काढून ब्रेक दाखव.